भरीव पिस्तूल

खोट्या बंदुकांच्या धंद्यात भीती कसली, असं तुम्ही हसत हसत विचारलंत. प्रश्न रास्त आहे. दिवा जरा तुमच्या बाजूला सरकवा, माझ्या डोळ्यांवर येतोय. हा दस्ता घासता घासता सांगते.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहेच. जुन्या हत्यारांच्या हुबेहूब प्रतिकृती, ज्यांतून कधी गोळी उडत नाही आणि उडणारही नाही. हौशी लोक त्या जमवतात, भिंतीवर टांगतात, मग एक दिवस त्यांना वाटतं की याची किंमत तरी काय होईल, किंवा घोडा सैल झालाय तो नीट करून घ्यावा. तेव्हा मला बोलावणं येतं. वडील नाटकमंडळ्यांना हत्यारं भाड्यानं द्यायचे, त्यांच्या हाताखाली मी शिकले. आमचे हे मला ‘खोट्या बंदुकांची खरी डॉक्टर’ म्हणतात, पाहुणे आले की हमखास. मी लक्ष देत नाही.

वडिलांची एक शिस्त होती. बंदूक खोटी असली तरी तिची नळी माणसाकडे करायची नाही. नाटकातसुद्धा नट जरा बाजूला नेम धरतो, प्रेक्षकांना कळत नाही एवढंच. मी ती शिस्त एकदाच मोडली, आणि तीही दिवसाढवळ्या, खाली दवाखान्यात माणसं बसलेली असताना.

दवाखाना दातांचा होता. डॉक्टरीणबाई माझ्याहून थोड्या लहान, चटपटीत, बोलायला गोड. खाली दवाखाना, वर घर. त्यांच्या वडिलांचा संग्रह विकायचा होता, किंमत काढून हवी होती, म्हणून मी गेले. दोन पेशंटच्या मधल्या वेळात त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि दार लावून घेतलं.

“ताई, किमतीचं नंतर बघू. तुम्हाला खरं कशाला बोलावलंय ते सांगते. बाबांना मी आता इथे ठेवू शकत नाही.”

अशा वेळी समोरच्याला बोलू द्यावं.

“मागे एकदा सहज वर गेले, तर बाबा खुर्चीत, डोळे मिटलेले, आणि पिस्तूल इथे लावलेलं.” त्यांनी बोट कानाशी नेलं. “मी अशी किंचाळले की खालचा पेशंट तोंडात कापूस घेऊन रस्त्यावर पळाला. आता हसू येतं, पण तेव्हा… मला कळतं हो, ते खोटं आहे. पण हात कानाशी गेला ना. आज खोटं, उद्या आणखी काही. वर साधी वाटी पडली तरी माझ्या छातीत धस्स होतं.”

“ते काय म्हणतात?”

“म्हणतात, मी ऐकत होतो. आतून पोकळ आहे म्हणतात, खूप लांबपर्यंत.” त्यांचे डोळे भरून आले. “एक जागा बघितली आहे, चांगली आहे, दिवसरात्र माणसं असतात. बाबा कबूल झालेत, पण एका अटीवर. जाणकार माणसानं पिस्तूल तपासायचं. भरीव निघालं तर ते मुकाट्यानं येणार, पुन्हा विषय काढणार नाहीत. तुम्ही फक्त जे आहे ते सांगा.”

“जे आहे ते भरीवच असणार,” मी म्हटलं. “त्यात तपासण्यासारखं काही नाही.”

असं म्हणताना मला जरा अपराधी वाटलं, खोटं कशाला बोलू. एका म्हाताऱ्या माणसाचं घर माझ्या एका शब्दावर सुटणार होतं आणि तो शब्द मी जिना चढायच्या आधीच ठरवून टाकला होता.

वरची खोली अंधारी होती. ऊन लागून लाकडी दस्ते तडकतात म्हणून जाड पडदे ओढून ठेवले होते, आणि भर दुपारी टेबलावर एक दिवा जळत होता. लवंगेच्या तेलाचा वास जिन्यातून माझ्यासोबत वर आला आणि तिथल्या जुन्या लाकडाच्या आणि मशीनच्या तेलाच्या वासात मिसळला. भिंतभर हत्यारं. पाहून जीव सुखावला. बहुतेक हौशी लोक घासून घासून सगळ्याचं भांडं करून टाकतात, जुनेपणाचा राप निघून जातो आणि त्याबरोबर किंमतही. इथे तसं नव्हतं. प्रत्येक वस्तू हलक्या हातानं पुसलेली.

ते दिव्याशेजारी खुर्चीत ताठ बसले होते. आयुष्य जहाजांवर गेलेलं, चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे शेजारीपाजारी सगळे त्यांना चीफच म्हणत. शर्ट इस्त्रीचा, दाढी गुळगुळीत. वेड लागलेल्या माणसाची काही एक कळा त्यांच्यावर नव्हती.

“या. मुलीनं सांगितलंच असेल, म्हातारा बिघडलाय म्हणून.”

“काळजीत आहेत त्या,” मी म्हटलं.

“असणारच. तिच्या जागी मी असतो तर कधीच पोचवून आलो असतो.” ते हसले. मग आवाज खाली गेला. “पिस्तूल कानाला का लावलं, ते तिनं नाही विचारलं. तुम्ही विचारा.”

मी विचारलं.

“इंजिनरूममध्ये कुठलं बेअरिंग खराब झालंय ते कळायला आम्ही लोखंडी सळईचं एक टोक मशीनला टेकवतो, दुसरं कानाला. सगळ्या गोंगाटात नेमका तेवढा एक आवाज ऐकू येतो. यातली स्प्रिंग कुरकुरत होती. मी सवयीनं नळी कानाला लावली आणि घोडा हळूच मागे ओढला.” ते थांबले. “स्प्रिंगचा आवाज आलाच नाही.”

त्यांनी मांडीवरच्या मऊ कापडातून पिस्तूल काढून माझ्या हातात दिलं. चकमकीच्या पिस्तुलाची प्रतिकृती, कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी. मी लोहचुंबक लावून पाहिला, चिकटला नाही. म्हणजे जस्ताच्या मिश्रणाचं ओतीव काम. नळीच्या पोटाला साच्याच्या जोडाची बारीक रेघही होती. अशा वस्तूला नळी म्हणायचं ते केवळ म्हणायला. तोंडाशी बोटभर भोक कोरलेलं असतं, दिसायला बरं, आणि पुढे सगळा धातू.

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगते. प्रतिकृतींच्याही प्रतिकृती निघतात, नकलीची नक्कल. म्हणून काही चांगले कारागीर त्या बोटभर भोकाच्या तळाशी आपली खूण उमटवून ठेवतात. ती डोळ्यांना दिसत नाही. आम्ही वेताच्या बारीक छडीला मऊ मेणाची गोळी लावतो, आत घालून दाबतो आणि बाहेर काढतो. मेणावर खूण उठते. माझी छडी हातभर लांबीची आहे, कारण मोठ्या बंदुकांनाही तीच वापरते.

मी गोळी लावली, छडी आत घातली. बोटभर गेली आणि टेकली. दाबली, बाहेर काढली. मेण सपाट. खूण नव्हती, पण तळ होता.

“भरीव आहे, चीफसाहेब.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता वाद घालतील, चिडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हलकं उमटलं की मी बघतच राहिले. खांद्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं. “नक्की ना?” त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात विनवणी होती.

“नक्की.”

“बरं झालं. फार बरं झालं.” मग त्यांनी मान हलवली, स्वतःवरच रागावल्यासारखी. “नाही. अर्धवट तपासणीवर मी कधी सही केली नाही, आता या वयात कशाला करू? बसा जरा. खाली मशीन सुरू होऊ दे.”

“कसलं मशीन?”

“मुलीचं. दात कोरायचं.”

आम्ही बसून राहिलो. खाली कुणीतरी खोकलं. खुर्ची सरकली. मग फरशीतून ती बारीक, उंच सूंऽऽ अशी किरकिर वर आली, जी ऐकून तुमचेआमचे दात आपोआप आवळले जातात.

“आता ऐका,” चीफ कुजबुजले.

मी पिस्तूल हातात धरलं होतं. वडिलांची शिस्त आठवत होती, चांगली आठवत होती. तरी मी नळीचं तोंड कानाला लावलं.

आधी वाटलं, शिंपल्यात येते तशी आपल्याच रक्ताची घुमघुम असेल. पण घुमघुम कानाजवळ असते. हे जवळ नव्हतं. मोठ्या विहिरीच्या काठावर अंधारात उभं राहिलं की खाली किती खोल आहे ते न बघताही कळतं ना, तसं कळलं. गार हवा कानाला लागली. तिला पाऊस पडून गेलेल्या मातीचा वास होता. आत जागा होती, अफाट जागा, या खोलीहून, या घराहून, या गावाहून मोठी, आणि ती माझ्या तळहातावर पेललेल्या एका जस्ताच्या तुकड्यात होती. मला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. तेव्हा मात्र माझे डोळे पाण्यानं भरले आणि मी आपोआप श्वास हळू केला, इतक्या मोठ्या गोष्टीसमोर मोठ्यानं श्वास घेणंही उद्धटपणाचं वाटलं.

मग फार लांबून कुणीतरी बोललं. म्हाताऱ्या बाईचा आवाज, बसलेला.

“बाबा… ऐकू येतंय का?”

मी पिस्तूल झटकन खाली केलं. चीफ माझ्याकडेच बघत होते.

“आला?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“मग मी वेडा नाही,” ते म्हणाले. “वाटलं होतं, असेन. देवाशपथ, फार आशा होती.”

खाली मशीन सुरूच होतं. माझा हात मला न विचारता छडीकडे गेला. सवय, दुसरं काय. मेणाची नवी गोळी लावली, पिस्तूल तोंड वर करून गुडघ्यांत धरलं.

“ढकलू नका,” चीफ म्हणाले. “नुसती सोडा.”

मी छडी नळीच्या तोंडाशी धरून सैल सोडली. ती खाली गेली. बोटभर गेली, वीतभर गेली, माझी मूठ नळीला टेकेपर्यंत गेली. हातभर छडी तिच्या निम्म्या लांबीच्या पिस्तुलात होती, आणि मी दस्त्याखाली हात फिरवून पाहिला तर तिथे नुसतं गुळगुळीत लाकूड.

तेवढ्यात छडीला पलीकडून धरलं गेलं.

हिसका नव्हता. अंधारात कुणी तुमचं बोट धरावं तसं, अगदी हलकं, पण धरलेलं. मी सोडली नाही आणि ओढलीही नाही. त्या टोकाला कुणीतरी होतं आणि या टोकाला मी होते. आयुष्यात इतकी लहान मी स्वतःला कधी वाटले नव्हते. मग खालचं मशीन थांबलं, आणि छडी सावकाश वर येऊ लागली. मी ओढत नव्हते. कुणीतरी ती मला परत करत होतं. टोक बाहेर आलं आणि मी पिस्तुलात डोकावले, तर बोटभर खोलीवर सपाट, राखाडी धातू.

जिन्यात पावलं वाजली. डॉक्टरीणबाई आत आल्या, हातमोजे काढता काढता. “झालं का ताई? काय निघालं?”

मी तोंड उघडायच्या आत चीफ म्हणाले, “भरीव आहे. ताईंनी नीट बघितलं. मी येतो तू म्हणशील तिथे. उद्याच निघू. आणि हे सगळं विकून टाक, हे पिस्तूल मात्र विकू नकोस, फोडून वितळवून टाक.”

इतक्या घाईनं, इतकं सपशेल खोटं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं.

पण मुलगी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्या हातातल्या छडीकडे बघत होती.

“हे कुणी चावलं?”

मी तोवर मेणाकडे पाहिलंच नव्हतं. गोळीवर वरून आणि खालून दातांचे ठसे उठले होते.

“मने, राहू दे ते,” चीफ म्हणाले. “दे इकडे.”

“थांबा हो बाबा.” तिनं छडी घेऊन दिव्याखाली धरली. दिवसभर तेच काम करणारी माणसं, त्यांना राहवत नाही. मला शिकवत असल्यासारखी ती बोलू लागली. “छान उठलेत. हे वरचे पुढचे दोन, हे खालचे. जबडा लहान आहे, बाईचा असावा. वय झालेलं, कडा किती झिजल्यात बघा. सत्तर, कदाचित जास्तच. हिरड्या मागे गेल्यात, म्हणून या फटी. आणि हा वरचा डावा दात, याचा कोपरा उडालाय, लहानपणी कधीतरी, कारण मोडलेली कड पण घासून गोल…”

ती थांबली. तिची जीभ ओठांआड हलली आणि वरच्या दातावर जाऊन टेकली. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. तिच्या वरच्या डाव्या दाताचा कोपरा नव्हता.

“झोपाळ्यावरून पडलीस तेव्हाचा,” चीफ हळूच म्हणाले. “तुझी आई बसवून घे म्हणायची. तू ऐकलं नाहीस.”

तिनं मेण पुन्हा दिव्याशी नेलं. एकेक ठसा नखानं मोजल्यासारखा तपासला. खालचा एक दात जरा वळलेला होता, तिचाही तसाच होता. एखादा दात जुळला तर योगायोग म्हणता येतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती हळूच खाली बसली.

“बाबा, तुम्ही काय ऐकता तिथे?”

ते मांडीवरचं कापड चापचोपत राहिले.

“बाबा.”

“तुला,” ते म्हणाले. “म्हातारी झाली आहेस, आवाज बसलाय. पण बापाला ओळखायला वेळ लागतो होय? खाली तुझं मशीन सुरू असलं की मला हाक मारतेस. ऐकू येतंय का, म्हणतेस. मी कधी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर तुझं तिथे असणं खरं झालं असतं. मला वाटलं, जाणकार येईल, भरीव आहे म्हणेल, मी वेडा ठरेन आणि तू तिथून सुटशील.”

तिनं बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि रडली, लहान मुलीसारखी, आवाज करून. “तुम्ही कुठे जायचं नाही,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. चीफ तिच्या केसांवरून हात फिरवत होते. मी उठून जायला हवं होतं, पण बसून राहिले.

बोलू नये ते मी बोलले. छडी अजून तिच्या हातात होती, ती बघून माझ्या तोंडून गेलं, “पण दातांनी कशाला धरली असेल? कुणीही हातानं धरेल…”

चीफनी चटकन माझ्याकडे पाहिलं. मी जीभ चावली. तिनं डोकं वर केलं, माझं वाक्य मनात पूर्ण केलं, आणि खाली आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. उलटे करून, मग सुलटे करून. खाली कुणीतरी घंटी वाजवली, पेशंट असेल. ती उठली नाही.

चीफ अजून त्याच घरात आहेत, त्याच खुर्चीत. खाली मशीन सुरू झालं की ते पिस्तूल हातात घेतात, आणि आता उत्तर देतात. नळीशी तोंड नेऊन म्हणतात, “येतंय गं मने, येतंय ऐकू.” ती खालून ऐकते आणि काम करत राहते. पिस्तुलाचं तेलपाणी करायला मी अधूनमधून जाते. खोटं कशाला सांगू, मशीन सुरू असताना त्या खोलीत बसायचं धाडस मला पुन्हा झालेलं नाही, म्हणून मुद्दाम सुट्टीचा दिवस निवडते.

परवाही गेले होते. दार तिनंच उघडलं, कडीची मूठ कोपरानं खाली दाबून. दोन्ही हात छातीशी धरलेले. हसली, या म्हणाली. डॉक्टर लोकांची ती सवयच असते, हात स्वच्छ ठेवायचे असले की दारं अशीच उघडतात. मीही तेच धरून चालले. अर्धा जिना चढल्यावर आठवलं, आज खाली पेशंट नाहीत, आज तर दवाखाना बंद आहे.